शिंजिराचा सात-बारा

गेल्या मार्चातली गोष्ट. गळिताचा हंगाम संपत आला होता, ऊसतोडीच्या खोप्या मोडायला लागल्या होत्या आणि आमच्या परड्यातली जास्वंद मात्र ऐन हंगामात होती. सकाळी बरोबर सात वाजून बारा मिनिटांनी आमच्या ‘भावकी’ नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुतण्यानं सतरा सेकंदांचा एक व्हिडिओ टाकला. जास्वंदीच्या फुलासमोर एक काळानिळा, बोटभर पक्षी हवेत फडफडत होता. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या शिरोळात हमिंगबर्ड! नाद खुळा!’

ग्रुप पेटला. मुंबईच्या चुलतबहिणीनं डोळ्यांत बदाम असलेली सहा तोंडं पाठवली. पुण्याच्या मेहुण्यांनी ‘वन खात्याला कळवा’ असा सल्ला दिला. कुरुंदवाडच्या काकूंनी ‘शुभ सकाळ’ पाठवलं. त्या मयताच्या बातमीवरही शुभ सकाळच पाठवतात. धाकट्या भावानं तर गल्लीच्या तोंडाला डिजिटल लावायचं ठरवलं. मजकूरही तयार केला : ‘हमिंगबर्डचे शिरोळ नगरीत सहर्ष स्वागत. शुभेच्छुक : समस्त भावकी.’ पक्ष्याच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असणार, हे न सांगताच ठरलेलं होतं.

मी महसूल खात्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. सात-बारा, आठ-अ, फेरफार आणि वारसनोंद यांत आयुष्य गेलं. त्यामुळं कुणी काहीही सांगितलं तरी आधी कागद बघायची खोड लागली आहे. मी पक्ष्यांचं पुस्तक काढलं, व्हिडिओ चारदा बघितला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘हा हमिंगबर्ड नव्हे. शिंजीर आहे.’

ग्रुप एकदम गप्प झाला. ‘मुलगा अमेरिकेला असतो’ म्हणून सांगितलेलं स्थळ बघायला जावं आणि तो इचलकरंजीला सूतगिरणीत असल्याचं कळावं, तसं झालं. घर चांगलं, पगार बरा, मुलगा देखणा. पण अमेरिका गेली ती गेलीच.

पाच मिनिटांत पुतण्या स्वतःच दारात हजर.

“काका, मोबाइल हमिंगबर्ड म्हणतोय की.”

“मोबाइल मला रोज ‘अभिनंदन, तुम्ही पंचवीस लाख जिंकलात’ म्हणतो. बस. चहा घे.”

मग त्याला सांगितलं, की हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि झाडून सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. भारतात एक नाही, आशियात नाही, आफ्रिकेत नाही. सर्वांत लहान हमिंगबर्ड क्यूबात असतो. वजन दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सोनाराच्या काट्यावर घालायचा जिन्नस. हमिंगबर्डचा पंख खांद्यापाशी असा फिरतो, की तो हवेत एका जागी उभा राहतो, आणि मागं सरकायचं झालं तर तोंड न वळवता उलटा उडतो. आपला शिंजीर दहा सेंटिमीटरचा. तो देठावर नाहीतर फांदीवर नीट बैठक मारतो आणि बाकदार चोच फुलात घालून मध ओढतो. क्वचित, बसायला जागा नसली, तर क्षणभर फडफडतो. तेवढा क्षण पुतण्यानं नेमका पकडला होता.

पुतण्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, “पण काम तर त्योच करतोय न्हवं? चोच लांब, रंग चमकतोय, फुलातला मध पितोय. मग नावानं काय फरक पडतोय?”

जन्मभर दुसऱ्यांच्या नावांच्या नोंदी केलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे आचाऱ्याला ‘मिठानं काय फरक पडतो’ म्हणून विचारण्यासारखं आहे.

नावानं काय फरक पडतो, हे निदान शिरोळकराला विचारू नये. एक शिरोळ, म्हणजे आम्ही. एक शिरोली, पुलाची, ती कोल्हापूरच्या वेशीवर. एक शिराळा, तो सांगली जिल्ह्यात. माझ्या मुलीच्या लग्नाला पुण्याचे एक पाहुणे ऐन मुहूर्ताला शिराळ्यात उभे राहून ‘मंडप कुठं दिसेना’ म्हणून फोन करत होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तेव्हा ते पोचले. अक्षरं दोनच चुकली होती, जेवण मात्र अख्खं चुकलं.

उलटा प्रकारही आमच्याच तालुक्यात आहे. सरकारी कागदावर नृसिंहवाडी, भक्तांच्या तोंडी नरसोबाची वाडी आणि आमच्या तोंडी नुसती वाडी. ‘वाडीला जाऊन येतो’ म्हटलं, की कुठल्या वाडीला असं आमच्याकडं कुणी विचारत नाही. येताना बासुंदी आणा, एवढंच म्हणतात. गाव एक, नावं तीन. शास्त्रज्ञांच्या भाषेत याला समानार्थी नावं म्हणतात आणि त्यांतलं कुठलं धरायचं यावरून ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या भांडतात.

आणि माणसांचं बघा. आमच्या गल्लीत चार बाळू आहेत. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत ते ‘दुधाचा बाळू’, ‘उसाचा बाळू’, ‘तालमीचा बाळू’ आणि ‘पोस्टाचा बाळू’ असे नोंदलेले आहेत. पुढचा शब्द धंद्याचा, मागचा माणसाचा. दोन शब्दांत माणूस पक्का. कार्ल लिनियस नावाच्या स्वीडिश गृहस्थानं जगातल्या सगळ्या प्राण्यांसाठी हेच केलं आणि अजरामर झाला. आमचा दुकानदार अजून उधारीच वसूल करतोय.

लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब तिथून सुरू होतो. त्याआधीचा कागद कितीही जुना आणि कितीही पिवळा असला तरी ग्राह्य नाही. आमच्या भाषेत, ते पहिलं सेटलमेंट. दोन शब्दांतला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे खातं. दुसरा जातीचा, म्हणजे खातेदार. नियमही ओळखीचाच : ज्याची नोंद आधी, त्याचा हक्क आधी.

या पहिल्या मोजणीत लिनियसनं हमिंगबर्ड एकाच खात्यावर चढवले. खात्याचं नाव ट्रोकिलस. हे नाव त्यानं आणलं कुठून? ग्रीकांकडून. ट्रोकिलस नावाचा एक पक्षी नाईल नदीत मगरीच्या जबड्यात शिरून जळवा वेचून खातो, असं हिरोडोटसनं लिहून ठेवलं होतं. नदी इजिप्तची, मगर इजिप्तची, पक्षीही तिकडचा; आणि नाव चढलं अमेरिकेतल्या, जन्मात मगरीचा दात न बघितलेल्या पाखराच्या खात्यावर. दुसऱ्याच्या रेशन कार्डावर तिसऱ्यानं साखर उचलण्याचा हा जगातला एक जुना नमुना.

दोनच वर्षांत, १७६० साली, ब्रिसाँ नावाच्या फ्रेंचानं हमिंगबर्डांची दोन खाती मांडली. आणि एकदा वाटणीची चव लागली की काय होतं, हे आमच्याकडं कुणाला सांगायला नको. पुढच्या शतकात हिस्सा, पोटहिस्सा, पोटहिश्शाचा पोटहिस्सा असं करत आज शंभराहून अधिक खाती झाली आहेत. मूळच्या ट्रोकिलसकडं आता काय उरलंय? जमैका बेट. तिथला दोन लांब काळ्या शेपट्यांचा हमिंगबर्ड तेवढा त्या नावावर राहिला. तो जमैकाचा राष्ट्रीय पक्षी आहे, म्हणजे मान आहे. पण एके काळी सगळा गोतावळा ज्याच्या नावावर होता, त्याच्याकडं एक बेट. आमच्या पणजोबांची वीस एकर होती. माझ्याकडं विहिरीत आठवा हिस्सा आणि दर मंगळवारी रात्री पाण्याची पाळी आहे. मला ट्रोकिलसचं दुःख कळतं.

हमिंगबर्डांच्या बाबतीत सगळ्यांत गाजलेला माणूस म्हणजे इंग्लंडचा जॉन गूल्ड. १८४९ पासून १८६१ पर्यंत त्यानं हमिंगबर्डांवरचा भलामोठा सचित्र ग्रंथ भागाभागानं काढला. १८५१ साली लंडनच्या प्राणिबागेत पेंढा भरलेल्या हमिंगबर्डांचं प्रदर्शन मांडलं, लोकांची रीघ लागली. आणि या गृहस्थानं जिवंत हमिंगबर्ड पहिल्यांदा कधी बघितला? १८५७ साली, अमेरिकेला गेल्यावर. म्हणजे जागेवर न जाता घरी बसून केलेला पंचनामा! आमच्या खात्यात असता तर चौकशी लागली असती. तिकडं त्याचा सन्मान झाला.

बाकी नावं ठेवावीत ती हमिंगबर्डवाल्यांनीच. एका प्रजातीचं नाव सूर्याचा देवदूत अशा अर्थाचं, एकीचं नाव थेट सॅफो या ग्रीक कवयित्रीवरून. अमाझिलिया नावाची एक प्रजाती आहे, ती एका फ्रेंच कादंबरीतल्या नायिकेच्या नावावरची. नाव नाजूक, पण पुढं त्या खात्याचं गायरान झालं. हिरवट रंगाचा, मध्यम बांध्याचा, कुणाच्यातच न बसणारा हमिंगबर्ड दिसला की घाल अमाझिलियात! गावच्या गायरानात जसं कुणाचं खत, कुणाच्या कडब्याची गंजी, कुणाचा मोडका ट्रॅक्टर, तसं ते खातं भरत गेलं.

मग डीएनए आला. म्हणजे तोंडी साक्षी-पुरावे बंद, थेट रक्ताच्या नात्याचा दाखला. २०१४ साली हमिंगबर्डांची मोठी वंशावळ या पद्धतीनं मांडली गेली आणि कळलं, की अमाझिलियातल्या बऱ्याच जणांचं एकमेकांशी काही जवळचं नातं नाही. २०१७ साली रीतसर फेरवाटणी झाली. वाटणी झाल्यावरही घोळ संपेना. वाटून दिलेल्या खात्यांपैकी काहींची नावं कायद्यात बसत नाहीत असं आढळलं आणि २०२१ साली दोन नवी नावं पाडावी लागली. त्यांतलं एक रामोसोमिया.

हे मी शेजारच्या आण्णांना वाचून दाखवत होतो. आण्णा कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होते.

“काय म्हणालास? कोण?”

“रामोसोमिया, आण्णा.”

“राम्या-सोम्या?”

“तसं नव्हे, रामोसोमिया. पक्ष्याच्या खात्याचं नाव.”

“त्येच की. राम्या आनि सोम्या. वाटणीवरनं भांडली असत्याली. म्होरं काय झालं? कोर्टात गेली का न्हाईत?”

२०२४ साली तर आणखी मजा झाली. सर्वांत मोठा हमिंगबर्ड, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, जवळपास दोनशे वर्षं एकच जात म्हणून नोंदलेला होता. त्याच्या पाठीवर प्रवास टिपणारं बारीक यंत्र बांधलं, रक्त तपासलं, आणि निघाल्या दोन जाती. एक डोंगरातच कायम राहणारी आणि एक हजारो किलोमीटर फिरून येणारी. दिसायला हुबेहूब. एकाच नावाच्या दोन माणसांनी एकाच कार्डावर इतकी वर्षं काढली आणि कुणाला पत्ता नाही. आण्णांना सांगितलं, तर म्हणाले, “आमच्या सोसायटीत बी हाईत असं दोघं.”

पुतण्या या सगळ्यानं गार झाला, पण हटला नाही. “ते तिकडचं झालं, काका. आपल्या शिंजिराचं काय?”

म्हटलं, चल, शिंजिराचा सात-बारा काढू.

पहिली नोंद १७९०. जॉन लॅथम नावाच्या इंग्रज डॉक्टरनं आपल्या या जांभळ्या शिंजिराचं नाव सर्थिया एशियाटिका असं लावलं. सर्थिया हे खातं खरं म्हणजे झाडाच्या खोडावर सरपटत चढणाऱ्या, मातकट रंगाच्या पक्ष्यांचं. चोच बाकदार दिसली, घातला त्यात. पुढं १८६२ साली भारतीय पक्ष्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या जर्डननं तो अरॅक्नेक्थ्रा या खात्यावर दाखवला. हे नाव उच्चारेपर्यंत पक्षी फूल संपवून शेजारच्या परड्यात जातो. नंतर तो नेक्टारिनिया झाला. सलीम अलींची पुस्तकं वाचून वाढलेल्या माझ्या पिढीला तेच नाव पाठ. आणि आता सिनिरिस. हा शब्दही ग्रीकच. एका जुन्या ग्रीक कोशात कुठल्याशा लहान पाखराचं नाव म्हणून तो सापडतो. पाखरू कुठलं, ते त्या कोशालाही ठाऊक नाही.

खातं बदललं की लिंगही बदलतं, ही आणखी एक गंमत. नेक्टारिनिया स्त्रीलिंगी, म्हणून पक्षी ‘एशियाटिका’. सिनिरिस पुल्लिंगी, म्हणून तोच पक्षी ‘एशियाटिकस’. पक्षी परड्यात बसून मध पितोय आणि लॅटिन व्याकरणानं त्याला बाईचा बुवा केला.

पण मला खरा जिव्हाळा वाटला तो कंसाचा. आज त्याचं नाव पुरतं लिहायचं तर असं लिहितात : सिनिरिस एशियाटिकस (लॅथम, १७९०). लॅथम कंसात! हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. कारण कंस म्हणजे आमचा प्राण. सात-बारावर ज्याचा हक्क संपला, जमीन विकली, वाटणीत गेली किंवा माणूस मयत झाला, त्याच्या नावाला कंस पडतो. ‘त्याच्या नावाला कंस केलाय’ म्हणजे तो त्या गटातून उठला. शास्त्रात कंसाचा अर्थ जवळपास तोच, फक्त थोडा दयाळू : नाव या माणसानं ठेवलं, पण त्यानं ठेवलं त्या खात्यावर आता हा पक्षी नाही. खातं गेलं, तरी नाव ठेवणाऱ्याचा मान ठेवला. नाव ठेवून दोनशे तीसहून अधिक वर्षं झाली, तरी लॅथम त्या कंसात बसून आहे. आमच्याकडं कंस पडलेला माणूस चावडीत आला तर त्याला कुणी खुर्चीसुद्धा देत नाही.

आमच्या परड्यात दुसराही एक शिंजीर येतो. त्याचं पोट पिवळं, पाठ तपकिरी आणि शेपटीच्या वर जांभळी चमक. या दोघांचं आडनाव पूर्वी एकच होतं, नेक्टारिनिया. आता एक सिनिरिस, दुसरा लेप्टोकोमा. जास्वंद एक, डाळिंब एक, भांडणंही तीच. फक्त चूल वेगळी झाली.

पुतण्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला मिळालं ते निकोलस व्हिगर्स या माणसापाशी. हा आयर्लंडचा, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीचा पहिला सचिव. यानं १८२५ साली पक्ष्यांची कुळं मांडली. हमिंगबर्डांच्या कुळाला ट्रोकिलिडी हे नाव त्याचंच. आणि शिंजिरांच्या कुळाला नेक्टारिनिइडी हे नावही त्याचंच, तेही त्याच साली! म्हणजे ज्या माणसानं दोघांना नाव दिलं, त्यानंच दोघांना वेगळं केलं. दोन घरं, दोन उंबरठे, दोन दाखले. आणि आपली भावकी दोनशे वर्षांनी डिजिटल लावून दोघांना परत एकत्र करायला निघाली होती.

याच्या पुढची कडी तर आपल्या मुलखातली आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. म्हणजे आमच्याच जातकुळीचा. त्यानं माणसं मोजता मोजता दख्खनची पाखरंही टिपली आणि १८३२ साली त्यांची यादी लंडनला सादर केली. ओढ्याकाठी ध्यान लावून बसणारी आपली ढोकरीही त्याच यादीतून शास्त्रात दाखल झाली. सह्याद्रीत एक शिंजीर आहे, नराची छाती लालभडक आणि तिच्यावर पिवळ्या रेघोट्या. साइक्सनं त्याला नाव दिलं व्हिगर्सचं. आजही तो पक्षी विगोर्सीच आहे. शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगरावांच्या, नावानं आमच्या शेजारचं जयसिंगपूर वसवलं, त्यातलाच प्रकार. पेठ वसवली की पेठेला, पाखरू सापडलं की पाखराला. हमिंगबर्डांच्या कुळाला नाव देणारा माणूस असा आमच्या घाटात शिंजीर होऊन बसला आहे. शिरोळचा हमिंगबर्डशी काही संबंध असेल तर तो एवढाच, आणि तोही कागदोपत्री.

“मग हमिंगबर्डचं रक्ताचं कोण हाय का न्हाई हिकडं?” पुतण्यानं शेवटचा डाव टाकला. पाहुणा अमेरिकेचा नाही तर निदान अमेरिकेत नातेवाईक तरी असावेत, ही त्याची अपेक्षा माणुसकीला धरून होती.

आहे. पण तो फुलावर येत नाही, मध पीत नाही, चमकतही नाही. पुलाच्या पोटाशी, जुन्या देवळांच्या कोनाड्यांत, वाड्यांच्या तुळयांना पिसाकाड्यांचं घरटं लाळेनं चिकटवून राहणारी, संध्याकाळी घोळक्यानं चिरचिरत फिरणारी काळी पाकोळी. ती हमिंगबर्डची खरी भाऊबंद. दोघांच्या पंखांची ठेवण एका घराण्याची आणि दोघांना मिळून जे गणाचं नाव आहे त्याचा अर्थ ‘पाय नसलेले’. पाय असतात, पण असून नसल्यासारखे. पाकोळी जमिनीवर नीट चालू शकत नाही. शिंजीर मात्र चिमणी-कावळ्यांच्या, फांदीला पक्की पकड घेऊन बसणाऱ्यांच्या मोठ्या गोतावळ्यातला. त्याचं आणि हमिंगबर्डचं साम्य नात्याचं नाही, धंद्याचं आहे. दोघांनी स्वतंत्रपणे मधाचा धंदा धरला, म्हणून दोघांना लांब चोच आणि चमकदार कपडे आले. जगातल्या सगळ्या सोनारांच्या डोळ्याला तसलीच भिंगं असतात, म्हणून काय ते एकमेकांचे मावसभाऊ?

आणि हमिंगबर्ड कायमचेच अमेरिकेचे, असंही नाही. जर्मनीत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात हमिंगबर्डसारख्या पक्ष्याचे अवशेष सापडले. २००४ साली त्याचं नाव ठेवलं, त्यात ‘युरोपचा’ आणि ‘अनपेक्षित’ असे दोन्ही अर्थ बसवले. जन्मभर सातासमुद्रापार राहणाऱ्याच्या नावे जुन्या गावात एक पडकी भिंत निघावी, तसं ते.

पुतण्या गेला. डिजिटल रद्द झालं. शिंजिराला मात्र आमच्या ग्रुपवरच्या घडामोडींची काहीच खबर नव्हती, कारण त्याचे खरे तंटे वेगळे होते.

माझी मोटारसायकल छपरीत उभी असते. एप्रिल लागला तसा नर रोज सकाळी तिच्या डाव्या आरशावर येऊन बसायला लागला. आत बघतो तर दुसरा नर. तसाच काळाजांभळा, तसाच माजोरी. मग काय, टक टक टक टक, अर्धा अर्धा तास. मधेच उडून आरशाच्या मागं जाऊन बघायचा, तिथं कुणी नाही. परत पुढं, परत तोच हरामखोर समोर! उजव्या आरशात माझ्या माहितीप्रमाणे तेवढंच तेज प्रतिबिंब पडतं, पण त्याच्याशी त्याचं वैर नव्हतं. भावकीत हे असं असतं. वैर एकाशीच असतं. शेवटी बायकोनं माझा जुना पायमोजा त्या आरशावर चढवला.

“आता बाहेर जाताना काढून जात जा,” ती म्हणाली.

मी दोनदा विसरलो आणि जयसिंगपूरच्या चौकात डाव्या आरशाला पायमोजा घालून उभा राहिलो. पोलिसानं बघितलं, पण विचारलं नाही. त्याला वाटलं असावं, नवस असेल.

नर आरशाशी भांडत होता तेव्हा मादी काम करत होती. तिचा रंग साधा, वरून मातकट, खालून फिक्कट पिवळा. छपरीतल्या बल्बच्या वायरीला तिनं घरटं बांधायला घेतलं. मी खुर्ची टाकून बघत बसायचो. कोळ्याचं जाळं चोचीत गोळा करून आणायची, ते वायरीला गुंडाळायची. त्यात वाळकं पान, सालीचा तुकडा, पोत्याचा धागा, अळीची विष्ठा, एकदा तर लग्नपत्रिकेच्या पाकिटाची लाल चमकी. लांबून बघितलं तर कुणीतरी झाडलोट करून केर वायरीला अडकवून ठेवलाय असं वाटावं. बाजूला एक दार, दारावर टोपीसारखी छोटी वळचण. आमच्या भिंतीवर २०१९च्या महापुराच्या पाण्याची खूण अजून आहे, चुना दिला तरी ती वर येतेच. घरटं त्या खुणेच्या दोन हात वर. परवानगी घेतली नव्हती, नकाशा मंजूर नव्हता, पण बांधकाम पूररेषेच्या बाहेर होतं. कृष्णाकाठच्या किती माणसांना असं म्हणता येईल?

आई सकाळी छपरीत जपाला बसते. तिनं या पक्ष्याला आयुष्यभर ‘जास्वंदीवरची’ म्हटलं आहे. हिंदीत याला शक्करखोरा म्हणतात, म्हणजे साखर खाणारा, हे तिला सांगितलं. साखर कारखान्यांच्या तालुक्यात हे नाव चालायला हरकत नव्हती. ती म्हणाली, “साखर खानारी लई हाईत हितं. हिला शिंजीरच म्हनू या.” आणि मग रोज सकाळी, ‘शिंजीर आली का गं?’ असं ती सुनेला विचारायला लागली. सत्तर वर्षं जी नुसती एक बारकी काळी चिमणी होती, तिची हजेरी लागायला लागली. पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर मी तासभर देत होतो, ते आईनं चार शब्दांत दिलं.

तेव्हा तुमच्याही अंगणात कुणी ‘हमिंगबर्ड, हमिंगबर्ड’ म्हणून ओरडलं, तर वाद घालू नका. फक्त शिंजीर म्हणा आणि छपरीतली वायर दोन महिने हलवू नका. आमच्या वायरीपुरती नोंद मी गेल्या महिन्यात वहीत करून टाकली आहे :

मौजे शिरोळ. छपरी, बल्बची वायर. भोगवटादार : शिंजीर मादी. क्षेत्र : एक मूठ. पीक पाहणी : पिल्लं दोन, उडाली. इतर हक्क : मोटारसायकलचा डावा आरसा.